घाबरट लवंगी आणि तिचे चार खूर

लवंगी ही आमची छोटी घोडी, आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम वर्षाची होती आणि माणूस म्हणजे कोपऱ्यात दाबून धरणारा प्राणी एवढंच तिला माहीत होतं. आधीच्या मालकांनी तिला मारलं वगैरे नव्हतं, खाऊनपिऊन ती उत्तम होती, पण त्यांच्याकडे जनावरं बरीच आणि हिला रोज हात लावायला कुणालाच वेळ नाही, त्यामुळे खूर कापायचे आले, जंताचं औषध आलं, इंजेक्शन आलं की दोनतीन माणसं मिळून तिला कुंपणाला रेटायची आणि काम उरकून मोकळी व्हायची. असं व्हायचं कारण एकच, ती मिनिएचर आहे, म्हणजे अगदी बुटक्या जातीची. मोठ्या घोड्याला कोणी असं धरत नाही कारण पाचशे किलोच्या जनावराला धरताच येत नाही, तिथे शिकवावंच लागतं. साठ-पासष्ट किलोच्या घोडीला मात्र दोन दणकट माणसं सहज दाबून धरतात, आणि धरता येतं म्हणून धरतात. मला या लेखात जे सांगायचंय ते सगळं इथूनच सुरू होतं.

आम्ही पेनसिल्व्हेनियात गावाबाहेर राहतो, मागे थोडी जमीन आहे. आमच्याकडे आधीपासून एक म्हातारा मिनिएचर घोडा आहे, बंड्या, खच्ची केलेला आणि अतिशय शांत, त्याचा जोडीदार गेल्यावर तो एकटा पडला म्हणून आम्ही दुसरं जनावर शोधत होतो. घोडा कळपातला प्राणी आहे, त्याला एकटं ठेवू नये, हे इथे कुणीही सांगेल. तशी लवंगी आली. नाव माझ्या मुलीने ठेवलं, छोटी आणि तिखट म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिनिएचर म्हणजे खुजा पोनी नाही, ती वेगळी नोंदलेली जात आहे, अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमाप्रमाणे उंची ३४ इंचांपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण ८६ सेंटीमीटर, आणि ती मोजतात आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथे. मोठ्या घोड्यांची मापं खांद्याच्या उंचवट्यावर घेतात, यांची आयाळीच्या टोकाशी.

तर ही छोटी तिखट बाई आली आणि पहिल्या दिवशी पॅडॉकच्या, म्हणजे कुंपण घातलेल्या आवाराच्या, पार लांबच्या टोकाला जाऊन उभी राहिली. जवळ गेलं की पळायची, कोपरा आला की वळून मागचे पाय आमच्याकडे करायची. मिनिएचरची लाथ कुणी हलक्यात घेऊ नये, मोठ्या घोड्याची मांडीला किंवा पोटात बसते, यांची बरोबर गुडघ्यावर आणि नडगीवर येते, आणि तुम्ही खाली वाकलेले असाल तर तोंडावर.

खूर तिचे बघण्यासारखे झाले होते, वाईट अर्थाने. पुढचा भाग लांब वाढलेला, टाचा उंच. मिनिएचरचे खूर छोटे असल्याने वाढ पटकन डोळ्यात भरत नाही आणि त्यांचं वजन कमी म्हणून ते मऊ कुरणात झिजतही नाहीत, तसेच वाढत राहतात, आणि वाढत्या वयाच्या शिंगराच्या पायाची ठेवण त्याने बिघडू शकते. सर्वसाधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून घासून घ्यावे लागतात. म्हणजे माझ्याकडे वेळ भरपूर आहे असं नव्हतं. व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, येऊन लांबूनच तिच्याकडे पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, अजून लंगडत नाही, दुखत नाहीये, तेव्हा थोडे आठवडे शिकवण्यात घाल, पण लंगडली तर मी गुंगीचं औषध देईन आणि खूर कापून घेऊ, दाबून धरून कापायचे नाहीत. हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं. गुंगीचं औषध द्यावं लागणं म्हणजे आपली हार असं बरेच जण समजतात, मला तसं अजिबात वाटत नाही. ज्या दिवशी काम टाळता येत नाही त्या दिवशी जनावराला भीती आठवणीत राहील असं झुंजवण्यापेक्षा व्हेटच्या हातून औषध दिलेलं हजारपट चांगलं.

पहिले काही दिवस मी काहीच केलं नाही. सकाळी गवत टाकून झालं की पॅडॉकमध्ये उलटी बादली ठेवून त्यावर बसायचं, चहा प्यायचा, फोनवर आईशी बोलायचं. उभं राहिलं की आपण त्यांच्यावर वाकतो, आपली सावलीच त्यांच्या अंगावर येते, घोड्याच्या मानाने हे फार वाईट. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं, पण बरोबर कपाळासमोर आणि बरोबर शेपटीमागे त्याला दिसत नाही. आता विचार करा, लोक मिनिएचरशी काय करतात, समोरून येतात आणि वरून कपाळावर हात ठेवायला जातात, म्हणजे नेमकं जिथे त्याला दिसत नाही तिथेच. लहान मुलं तर हमखास. मी बादलीवर बसले की तिची नजर आणि माझी नजर एका उंचीवर यायची आणि मी तिच्याकडे बघतही नसायचे.

बंड्याची मदत अफाट झाली. तो माझ्याकडे यायचा, मान पुढे करायचा, मी त्याला खाजवायचे, ती लांबून बघायची. मग जवळून. मग एक दिवस बंड्याच्या पलीकडून मान लांब करून तिने माझ्या बाहीचा वास घेतला. मी हात उचलला नाही. इथे हात उचलायचा मोह इतका होतो की काय सांगू, पण तिला वास घेऊन परत जायला मिळालं, हेच त्या दिवशीचं काम होतं.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे हात कधी काढायचा. इथले लोक याला प्रेशर आणि रिलीज म्हणतात. आपल्याला वाटतं की जनावर आपल्या स्पर्शाने शिकतं, ते शिकतं स्पर्श थांबल्यावर. तिने पाय आपटला आणि त्या क्षणी तुम्ही हात काढला तर ती शिकली की पाय आपटला की माणूस जातो. ती एक सेकंद शांत उभी राहिली आणि तेव्हा तुम्ही हात काढलात तर ती शिकली की शांत उभं राहिलं की माणूस जातो. म्हणून मी तिला पाय आपटायची वेळच येऊ द्यायची नाही असं ठरवलं, खांद्याला बोटं लावायची, ती ताठ व्हायच्या आत काढायची आणि दोन पावलं मागे व्हायचं. परत जायचं, थोडं जास्त वेळ. रोज दहा-पंधरा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही, कच्च्या वयाच्या घोड्याचं लक्ष तेवढंच टिकतं.

ती ताठ होतेय हे कळायला तिचा चेहरा वाचावा लागतो. कान मागे हे सगळ्यांना माहीत असतं पण ती खूप उशिराची खूण आहे. त्याआधी नाकपुडीच्या वरची कातडी घट्ट होते, ओठ आवळतात, पापण्यांच्या वर सुरकुती येते, शेपूट चिकटून बसते, श्वास रोखला जातो. आणि सर्वात फसवी खूण म्हणजे एकदम पुतळ्यासारखं उभं राहणं, लोकांना वाटतं बघा कशी शहाण्यासारखी उभी आहे, प्रत्यक्षात ती गोठलेली असते आणि पुढच्या क्षणी स्फोट होतो. खरं शांत झालेलं घोडं मान खाली सोडतं, डोळे मिचकावतं, मागचा एक पाय सैल ठेवतं, तोंड चघळल्यासारखं करतं. मी मुलीला हे सगळं शिकवलं आणि आठवड्याभरात ती माझ्यापेक्षा चांगलं ओळखायला लागली, "आई, नाक बघ, थांब" असं कुंपणाबाहेरून सांगायची.

खाजवायची जागा महत्त्वाची आहे. मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथला उंचवटा, घोडे एकमेकांना दातांनी तिथेच खाजवतात. १९९३ मध्ये कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात नेमक्या या जागी खाजवलं की हृदयाचे ठोके कमी होतात असं दिसलं, आणि दुसऱ्या जागी खाजवलं तर तसा फरक पडला नाही. लवंगीच्या बाबतीत मला हे डोळ्यांनी दिसलं, तिथे बोटं फिरवली की तिचा वरचा ओठ लांब व्हायला लागायचा आणि वाकडा व्हायचा. ज्या दिवशी ओठ वाकडा झाला त्या दिवशी मी माहेरच्या आबांना व्हिडिओ पाठवला.

आबांबद्दल सांगायला हवं. माझं माहेर फलटणच्या बाजूला, आणि लहानपणी आमच्या माळावर धनगरांचे कळप यायचे तेव्हा त्यांचं अख्खं बिऱ्हाड घोड्यांवर लादलेलं असायचं, तवा, पातेली, कोंबड्या, कोकरं, सगळं वर. ती घोडी म्हणजे भीमथडी, भीमा-नीरेच्या खोऱ्यातली आपली दख्खनी जात. आबांचं बालपण त्या लोकांच्या तळावर गेलेलं, त्यामुळे त्यांना घोडी पायाने बुटकी असली तरी ती घोडीच आहे हे सांगावं लागलं नाही. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "अगं, पाय तू धरू नको. तिला द्यायला लाव. धरलेला पाय ती ओढणारच." मी म्हटलं आबा तुम्ही तिकडून बसून सांगताय, इथे ती लाथ झाडते. तर म्हणाले, "मग अजून पायापर्यंत जायचंच नाही, खांद्यावरच थांब की आठ दिवस." इथल्या ट्रेनर बाईंनी मला अगदी हेच सांगितलं होतं, फक्त इंग्रजीत आणि तासाचे पैसे घेऊन, आणि दोघंही बरोबर होते.

हॉल्टरचं सांगते, आबा त्याला मोरकीच म्हणतात. ती आली तेव्हा तिच्या तोंडावर हॉल्टर तसाच घातलेला होता आणि त्याला हातभर दोरीचा तुकडा लोंबत होता, पकडायला सोपं म्हणून. हे कृपा करून कुणी करू नका. वाढत्या वयात तो नाकाच्या हाडावर घट्ट होतो, झाडाझुडपात किंवा दारात अडकतो, मागचा पाय वर करून कान खाजवताना खूर त्यात अडकू शकतो, आणि मुख्य म्हणजे जनावर हे शिकतं की माणसाचा हात तोंडाकडे आला की आपण पकडले गेलो. आम्ही तो काढला आणि मग परत घालायला शिकवायला बरेच आठवडे गेले, पण ते आठवडे सत्कारणी लागले. आधी हॉल्टर फक्त माझ्या खांद्यावर लटकत असायचा. मग त्याने तिला खाजवायचं. मग नाकाची गोल पट्टी उघडी धरायची आणि तिच्यातून पलीकडे गवताच्या पेलेट्सची वाटी, तिने आपणहून नाक घातलं की खायला मिळणार, नाक काढलं तरी काही हरकत नाही. कितीतरी वेळा घाल-काढ झाल्यावर मग कानामागचा पट्टा, तोही आधी नुसता टेकवायचा. बक्कल लावलं त्या दिवशी लगेच काढूनही टाकलं.

खायला देण्याबद्दल मतं भरपूर आहेत. काही जण म्हणतात हातून खायला दिलं की घोडा चावरा होतो. माझं मत असं की हातावर द्यायचं नाही, वाटीत द्यायचं, आणि वाटी ठरलेल्या जागी खाली ठेवायची, म्हणजे ती माझे खिसे हुंगत बसत नाही. आणि गोड काही नाही. मिनिएचर पटकन लठ्ठ होतात आणि त्यांना लॅमिनायटिस होतो, खुराच्या आतला भाग सुजतो आणि भयानक दुखतं, तेव्हा सफरचंदं, साखरेचे खडे, गूळ हे सगळं लाडाने द्यायचं असेल तर विचार करून. आमच्याकडे येणारे सगळे मराठी लोक पहिल्यांदा गूळच विचारतात. दुसरी बाजू म्हणजे उपाशी ठेवून शिकवणं, तेही चालत नाही, उलट जास्त धोक्याचं. मिनिएचर, पोनी आणि गाढवं यांनी ताणामुळे किंवा आजारपणाने खाणं सोडलं की शरीरातली चरबी रक्तात उतरते, लिव्हरवर जाते आणि जनावर दगावू शकतं, हायपरलिपेमिया म्हणतात त्याला. म्हणून नवीन घोडी आल्यावर मी पहिलं काम करत होते ते म्हणजे ती खातेय का, लीद नेहमीसारखी आहे का हे बघणं. शिकवणं त्यानंतर.

आता खरा भाग, पाय. मऊ ब्रशने खरारा करता करता मान, खांदा, पाठ, पोट इथपर्यंत आलो होतो, पुढच्या पायाच्या गुडघ्यापर्यंतही हात जायचा, पण मागच्या पायांना हात म्हणजे थेट लाथ. तिथे मी एका बांबूच्या काठीला कामाचा जुना हातमोजा चिंध्या भरून बांधला. माझा हात सुरक्षित लांब, आणि मोजा तिच्या मांडीवरून खाली फिरतो. याचा फायदा असा की तिने लाथ झाडली तरी मोजा तिथेच टेकलेला राहू शकतो, मी घाबरून हात काढत नाही, आणि ती थांबली की मग लगेच मोजा काढायचा. पहिल्या वेळी तिने मोज्याला दणादण झाडलं, मग थांबली, मोजा गेला, तिने मागे वळून पाहिलं. मी त्या दिवशी एवढ्यावरच थांबले. मोज्याने मांडी, मग ढोपर, मग घोटा, मग खूर, आणि जेव्हा मोजा खुरावर टेकवला तरी ती गवत खात राहिली तेव्हा काठी हळूहळू आखूड धरत धरत माझा हात आला.

पाय उचलताना दोन गोष्टी मिनिएचरच्या बाबतीत वेगळ्या आहेत आणि बहुतेक भांडणं तिथेच होतात. एक, उंची. मोठ्या घोड्याचा पाय उचलून आपण मांडीवर घेतो, माणसाला ती उंची सोयीची. मिनिएचरचा पाय त्याच उंचीला नेला तर त्याचा खांदा आणि मागचा सांधा पिळवटून निघतो, ते दुखतं, आणि ते पाय ओढतं, आणि मग लोक म्हणतात हट्टी आहे. पाय जमिनीपासून वीतभरच उचलायचा आणि शरीराखालीच ठेवायचा, बाहेर ओढायचा नाही. म्हणजे वाकायचं, बसायचं आपण. दुसरी, तोल. एक पाय उचलायचा तर उरलेल्या तिघांवर वजन घेता यायला हवं, आणि कच्च्या घोड्याला ते शिकावं लागतं. मी आधी खांद्याला हलकं रेटून वजन दुसऱ्या बाजूला जाऊ द्यायचे आणि मग घोट्याच्या वर दोन बोटांनी दाबायचे. तिने खूर नुसता टोकावर टेकवला की बास, सोडलं, शाबास. मग एक क्षण हातात. मग खाली ठेवायचा, टाकायचा नाही, आणि तिने ओढायच्या आत ठेवायचा. आबांचं "द्यायला लाव" मला इथे खरं समजलं, एका संध्याकाळी मी खाली बसले आणि हात घोट्याकडे जायच्या आतच तिने पुढचा डावा पाय उचलून धरला. मी रडले, खरंच.

त्यानंतर खुरातली घाण काढायचा आकडा, मग जुन्या कानशीने नुसता आवाज, मग खुरावर बोटांनी टकटक. मधला व्ही आकाराचा मऊ भाग दाबून बघायचा, वास घ्यायचा, सडका वास आला तर थ्रश, म्हणजे त्या भागाची कूज. तिला मागच्या एका पायाला थोडा होता, रोज साफ आणि कोरडा ठेवून बरा झाला.

फॅरियर, म्हणजे खूर कापणारा माणूस, निवडताना मी फोनवरच सांगितलं की पहिल्या भेटीत कदाचित एकही खूर कापून होणार नाही तरी मी पूर्ण पैसे देईन. एकाने नाही म्हटलं, त्याचंही बरोबर आहे, त्याचा दिवस मोजलेला असतो. दुसरा आला तो उंच धिप्पाड माणूस, आला तो सरळ खाली बुटक्या स्टुलावर बसला, लवंगीकडे पाठ करून अवजारं पुसत बसला, तिने येऊन त्याच्या एप्रनचा वास घेतला. बंड्याचे खूर आधी केले, तिच्यासमोर, मुद्दाम. मग तिचे पुढचे दोन, थोडे थोडे, मध्ये दोनदा पाय खाली ठेवून. मागच्यांना त्याने फक्त हात लावला आणि म्हणाला आज एवढंच, मागचे दोन आठवड्यांनी. लांब वाढलेले खूर एकदम मापात आणायचेही नसतात, सांध्यांना सवय व्हायला वेळ लागतो, म्हणजे थोडं थोडं करणं दोन्ही बाजूंनी योग्यच होतं. पुढच्या भेटीत मागचे झाले. एक लाथ निघाली, त्याने पाय सोडला नाही पण घट्टही केला नाही, तिच्याबरोबर हात जाऊ दिला आणि ती थांबल्यावर खाली ठेवला. असे हात असलेला माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

जंताच्या औषधाचं पटकन सांगते कारण त्यात चूक झाली तर महागात पडते. लहान वयाच्या घोड्यांना मोठे गोल जंत होतात, आधी लीद तपासून घ्यावी आणि कुठलं औषध ते व्हेटला विचारावं, कारण काही औषधांना ते जंत आता दाद देत नाहीत. पेस्टच्या सिरिंजा मोठ्या घोड्यांच्या मापाच्या असतात, आयव्हरमेक्टिनची एक ट्यूब १२५० पौंडांच्या घोड्यापर्यंत पुरते, लवंगीचं वजन १४० पौंड. म्हणजे अगदी थोडीशी पेस्ट, आणि दट्ट्यावरची कडी फिरवून लॉक केलीय ना हे दोनदा बघायचं. वजन अंदाजाने धरू नका, मोठ्या घोड्यांच्या वजनाच्या टेप यांना चालत नाहीत, आम्ही व्हेटकडून काटा आणवला. मॉक्सिडेक्टिन हे जंताचं दुसरं औषध तर शिंगरांना आणि बारीक जनावरांना जास्त झालं तर विषबाधा होते. पाजायची तयारी मी रिकाम्या सिरिंजने केली, बिनसाखरेचा सफरचंदाचा गर थोडासा बाहेरून लावून, ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची, ती चाटायची. बऱ्याच वेळा चव चांगली निघाली की एखाद्या वेळी कडू निघालेलं ती माफ करते, आणि कडूनंतर पुढचे काही दिवस परत गरच.

लसींचंही तसंच. इथे प्रत्येक घोड्याला धनुर्वात, डासांमुळे होणारे मेंदूज्वर म्हणजे ईस्टर्न आणि वेस्टर्न, वेस्ट नाईल आणि रेबीज एवढ्या द्यायच्याच असतात. पहिल्यांदा देताना यातल्या बऱ्याचशा लसींचा दुसरा डोस चार ते सहा आठवड्यांनी असतो, म्हणजे पहिली सुई वाईट झाली तर महिन्याभरात परत त्याच माणसासमोर उभं करायचंय. म्हणून आधी मानेची कातडी चिमटीत धरायची, सोडायची, मग टोपण लावलेल्या पेनाने दाबायचं, खाजवायचं. मग नवरा अनोळखी जॅकेट घालून हे करणार, कारण व्हेटचा वास आणि कपडे वेगळे असतात. आपल्याकडेही, म्हणजे महाराष्ट्रात कुणाकडे घोडी असेल, लग्नाची असो वा शर्यतीची, धनुर्वाताची लस नक्की घ्या, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि वाचवणं कठीण जातं.

थर्मामीटरची सवय लावून ठेवा हेही सांगेन. शेपूट बाजूला धरू देणं ही घाबरट घोडीसाठी मोठी गोष्ट आहे, पण रात्री ती सुस्त दिसली आणि व्हेटला फोन केला तर तो पहिला प्रश्न ताप किती हाच विचारतो. निरोगी घोड्याचं ९९ ते १०१ फॅरनहाइटच्या आसपास असतं. मी कडेला उभी राहून, कधीच बरोबर मागे नाही, शेपटीच्या बुडाशी खाजवत खाजवत तिथवर गेले.

मध्ये सगळं बिघडलं पण. चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनी, आजूबाजूला रात्रभर फटाके, सकाळी लवंगी घामाने भिजलेली आणि मला खांद्यालाही हात लावू देईना. मला वाटलं झालं, परत पहिल्यापासून. तसं नव्हतं, बादलीवर बसण्यापासून सुरू केलं पण प्रत्येक पायरी आता खूपच लवकर पार पडली, आठवड्याच्या आत पाय परत हातात आला. तेव्हापासून जिथे ती अडते तिथे मी पुढे रेटत नाही, एक पायरी मागे जाऊन जे तिला येतं ते करून घेते आणि तिथेच थांबते.

दिवाळीला मंडळातली कुटुंबं आली. मुलांसाठी आमचा नियम एकच होता, तुम्ही तिच्याकडे जायचं नाही, ती तुमच्याकडे आली तर खांद्यावर खाजवायचं, कपाळावर नाही आणि मिठी अजिबात नाही. एका काकांना ते फारसं पटलं नाही, म्हणाले एवढीशी तर आहे, उचलून घेऊ शकतो मी. मी म्हटलं काका, तेच तर कुणीही करू शकतं, आणि त्यामुळेच ती अशी झाली होती. त्यांनी ऐकलं, खाली बसले, बराच वेळ बसले, आणि शेवटी त्यांच्याच झब्ब्याचा वास घ्यायला ती गेली.

दातांचं अजून बाकी आहे. मिनिएचरचं तोंड छोटं पण दात त्या मानाने मोठे, त्यामुळे गर्दी होते, एकावर एक येतात, नीट चघळता येत नाही, म्हणून व्हेटने दरवर्षी तोंड उघडून बघायला सांगितलंय. वुल्फ टीथ म्हणतात ते छोटे बिनकामाचे दात तिला आहेत, ते काढताना गुंगी देणार आहेत, ते ठरलेलंच आहे आणि मी त्यासाठी तिला तोंड उघडायला लावायचा सराव करत बसणार नाही, फक्त ओठ वर करू देते एवढं पुरे. वसंतात केस कापायच्या मशीनचा आवाज हे पुढचं काम, सध्या मशीन बंद ठेवून पाठीवर फिरवतेय, चालू मशीन लांब कुंपणावर ठेवलेलं असतं. आणि ट्रेलर. दुसऱ्या राज्यात न्यायचं तर कॉगिन्स टेस्टचा, म्हणजे घोड्यांच्या एका संसर्गजन्य आजारासाठीच्या रक्त तपासणीचा, कागद लागतो, ते रक्त तिने उभं राहून दिलं, पण ट्रेलरचा पोकळ लाकडी आवाज तिला मान्य नाही. म्हणून रॅम्प काढून नुसता एक प्लायचा तुकडा पॅडॉकमध्ये टाकलाय, तिचं गवत त्याच्या पलीकडे ठेवते, बंड्या त्यावर जाऊन उभा राहतो, आणि लवंगी सध्या पुढचे दोन पाय ठेवते आणि मागचे दोन जमिनीवरच ठेवून खाते.